लाडकीचं इमान

एकनाथ तांडेल कंटाळला होता. कशाला म्हणाल, तर सगळ्यालाच. उधाणाचं पाणी घरात शिरतं त्याला, ते उपसण्याला, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना, आणि "बाबा, आता या आमच्याकडे" हे ऐकण्यालासुद्धा. शेवटी एकदाचा तो हो म्हणाला. मुलगा हितेश बोईसरला कारखान्यात, त्याचा फ्लॅट केवढासा! सून तेजल सातपाटीचं घर आवरायला आली आणि माळ्याकडे बघून अडखळली.

"बाबा, ते इमान नाय मावणार हो तिथं."

इमान म्हणजे विमान. खरं तर अंतराळयान. टीव्हीवर एकच दूरदर्शन दिसायचं तेव्हा रविवारी सकाळी एक मालिका लागायची. चंदेरी कपडे घातलेली माणसं या ग्रहावरून त्या ग्रहावर जायची. त्यांचं यान बांधायला स्टुडिओवाल्यांना कसबी सुतार हवा होता. एकनाथ तेव्हा तिशीत, होड्या बांधण्यात पटाईत. त्यानं सागाचं तीन हात लांब यान केलं, अगदी झकास, आणि खाली होडीला असतो तसा कणाही काढला. दिग्दर्शक म्हणाला, "अहो, आकाशात पाणी कुठलं?" एकनाथ म्हणाला, "म्हणून काय कलंडू द्यायचं?" यान कण्यासकट पडद्यावर गेलं. मालिका संपली तेव्हा स्टुडिओत अडगळ नको म्हणून त्यांनी ते त्यालाच देऊन टाकलं.

आता ते जाणार कुठं, एवढाच घोर त्याला होता. भंगारवाल्याच्या हातगाडीवर ते गेलेलं बघायची त्याची छाती नव्हती.

तेजलनंच मोबाइलवर शोधाशोध केली, आणि आठवड्याभरात मुंबईहून राजनंदिनी नावाची मुलगी आली. जुन्या मालिकांतल्या वस्तूंचं कायमचं प्रदर्शन मांडणारी. यान खाली काढल्यावर ती मटकन जमिनीवरच बसली. "काका, हेच ते! पण... हे असं हिरवं कसं?"

एकनाथला हसू आलं. हिरवं आता होतं. त्याआधी पिवळं, त्याआधी निळं, लाल, पुन्हा निळं. नारळी पौर्णिमेआधी होडी रंगवली की डब्याच्या तळाशी रंग उरायचाच. तो फेकायचा नाही आणि पुढच्या वर्षाला ठेवायचाही नाही, असा त्याच्या बायकोचा, लाडकीचा, हट्ट. "होडीचा रंग होडीलाच लागला पायजे," म्हणायची आणि उरलेला रंग यानाला फासायची. वर कुंकू लावायची, फुलं वाहायची. एकनाथ चिडवायचा, "अगं, ती होडी नाय, इमान हाय!" ती म्हणायची, "खाली कणा हाय ना? मग गप बसा." कणा त्यानंच काढलेला.

राजनंदिनीनं कोपऱ्यात नख लावलं. रंगाचा पापुद्रा टपकन सुटला आणि खाली चकचकीत राखाडी दिसलं. स्टुडिओनं मारलेला गाडीचा रंग. तो न घासताच वर थर चढलेले, त्यामुळे धरलेले नव्हते. ती हरखली, मग जरा चाचरत म्हणाली, "काका, लोकांनी पडद्यावर पाहिलं तसंच ते दिसायला हवं. वरचे रंग काढले, तरच आम्हाला नेता येईल."

एकनाथनं यानाच्या हिरव्या रंगावरून बोट फिरवलं. नाही म्हणावं, तर यान भंगारात. हो म्हणावं, तर... लाडकी जाऊन दोन पावसाळे झाले होते. तो हिरवा तिचा शेवटचा हात. बोटं थरथरत होती, म्हणून जागोजागी ओघळ आलेले.

"काढा. पण दुसऱ्या कोणी नाय," तो म्हणाला. "मी काढीन."

अंगणात गोणपाट अंथरून तो बोथट पटाशी घेऊन बसला. हिरवा गेला. पिवळा निघाला, हितेशच्या लग्नाच्या वर्षीचा. मग निळा. मग तो लाल, ज्या वर्षी होडी तुफानात सापडली आणि लाडकी बंदरावरून हललीच नव्हती. एकनाथच्या डोळ्यांना धार लागली होती. पुसायचेही कष्ट त्यानं घेतले नाहीत.

"काका, थांबूया का?" राजनंदिनीनं विचारलं.

"नको. पुन्हा बसायची ताकद नाय माझ्यात."

सांजावता सांजावता यान राखाडी झालं. सुबक, नवंकोरं. राजनंदिनी टाळ्या वाजवायचीच बाकी होती. एकनाथनं ते फिरवून पाहिलं. काम चांगलं होतं, हे त्याला कळत होतं. पण कुण्या परक्या सुताराचं बघावं तसं त्यानं ते पाहिलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं दुलईत गुंडाळलं, त्याच्या पाया पडली आणि गाडीत बसून गेली. सुरक्षित जागी गेलं, काळजी मिटली. त्याला नुसतं दमल्यासारखं वाटत होतं.

गोणपाटावर रंगांच्या कपच्यांचा ढीग पडला होता. बाजूनं बघितलं की एकेका कपचीत हिरवं, पिवळं, निळं, लाल, सगळं एकावर एक. तेजल झाडू घेऊन आली.

"हात लावू नको!" एकनाथ असा ओरडला की ती दचकून मागंच सरली. ती सून होऊन आल्यापासून तो तिच्यावर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. त्यालाच वाईट वाटलं. गुडघ्यांवर हात टेकून तो खाली बसला आणि कपच्या ओंजळीत गोळा करू लागला.

"त्यांचं होतं ते त्यांनी नेलं, पोरी," तो म्हणाला. "ही तुझी सासू हाय."

तेजलनं झाडू भिंतीला टेकवला, पदर पसरला आणि त्याच्या शेजारी वेचायला बसली.