डब्यातला व्हिडिओ गेम

मी घाबरलो की चिडतो. त्या दिवाळीत मी सगळ्यांवरच चिडत होतो.

ताई सातव्या महिन्यात नातेपुत्याहून माहेरी आली होती, गाडीच्या मागच्या सीटवर आडवी होऊन. आधीची दोन मुलं पोटातच गेलेली, त्यामुळे या खेपेला डॉक्टरांनी डाव्या कुशीवर पडून राहायला सांगितलं होतं. दुधानं तोंड पोळलेली आमची आई तिला ताकच काय, पाणीही फुंकून द्यायची. ताई मात्र पडल्या पडल्या आमचीच थट्टा करायची. एकदा म्हणाली, "माळ्यावरचा आपला व्हिडिओ गेम काढ की. वेळ तरी जाईल."

पण तो टीव्हीला जोडायचा, आणि टीव्ही बाहेरच्या खोलीत. मग मी ठरवलं, त्याचाच हातात धरून खेळायचा गेम करायचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी यंत्रमागांचे बिघडलेले इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करतो. यात काय अवघड, असं वाटलं. गाडी मागे घेताना बघायचा छोटा स्क्रीन जुन्या बाजारात मिळाला, पॉवर बँक घरात होती, बटणं गेमच्याच रिमोटची काढली. सगळं बसवायला आईचा शंकरपाळ्यांचा प्लास्टिकचा डबा ढापला. अडलं एकाच ठिकाणी. गेमचा बोर्ड डब्यापेक्षा दोन बोटं लांब होता.

ती दोन बोटं कापायला हवी होती. त्या टोकाला फक्त टीव्हीच्या वायरीचा भाग होता, त्याचं आता काम नव्हतं. पण बोर्डावर केसाएवढ्या बारीक तांब्याच्या रेषा असतात. करवत जरा आत गेली, एखादी रेष तुटली, की गेम कायमचा मुका. दुसरा तसला कुठून आणू? मी रोज त्या बोर्डावर पेन्सिलीनं रेघ मारायचो आणि पुसायचो. हा बोर्ड बिघडला तर पुढचंही सगळं बिघडेल, असं मला उगीचच वाटायला लागलं होतं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

सुट्टी मिळाली ती लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, आणि नेमकं त्याच संध्याकाळी सूर्यग्रहण. मी बोर्ड टेबलाच्या कडेला आवळून धरला, तशी आई दारात येऊन उभी राहिली.

"आज घरात काय बी कापायचं न्हाय. पोटुशी हाय ती."

"मग नियम तिला. मी कुठं पोटुशी हाय?"

"ब्याड म्हणजे ब्याड!"

घाबरली की आई कानडीवर येते, आणि तिच्या कानडीतल्या नकारापुढे आमच्या घरात कुणाचं चालत नाही. ग्रहणात काही कापलं की बाळाचा ओठ फाटतो म्हणे. मी चंद्र, सावली, विज्ञान, सगळं ओरडून सांगितलं. खरं तर आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. करवत खाली ठेवायला मला निमित्तच हवं होतं. आतून ताई हसेल, दोघांनाही चार शब्द सुनावेल, असं वाटलं.

हसणं ऐकू आलं नाही, तसा मी आत गेलो. ती पोटावर हात ठेवून पडली होती.

"सकाळपासून हललं न्हाय रे," ती म्हणाली.

बाहेर ग्रहण लागलं होतं. अशा वेळी गर्भार बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, हे आई सकाळपासून बजावत होती. मी तिच्याशी भांडायच्या तयारीनं वळलो, तर ती पायात चपला सरकवत होती.

"बघत काय बसलायस? रिक्षा आण."

ताईच्या डोक्यावर आपला पदर धरून आईनं तिला रिक्षात बसवलं. स्वतः एकदाही वर बघितलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. आधी नुसती खरखर. तेवढ्या वेळात मी देवाला काय काय कबूल केलं, ते सांगत नाही. मग ठोके ऐकू आले, भराभर. ठोके चांगले आहेत, त्या म्हणाल्या. तरी हालचालीकडे रोज लक्ष ठेवा आणि कमी वाटली की लगेच या.

घरी आल्यावर ताईची थट्टा बंद झाली. ती पोटावर हात ठेवून वाट बघत राहायची आणि आई तिच्या तोंडाकडे बघत राहायची. त्या शांततेला वैतागूनच मी दुसऱ्या दिवशी बोर्ड कापला. करवत रेघेवर राहिली. सगळं डब्यात बसवलं, कॅसेट खोचली, खटका दाबला. स्क्रीनवर आधी मुंग्या आल्या, मग ओळखीचं संगीत सुरू झालं.

डबा ताईला दिला. तिनं तो पोटाला टेकवून धरला, दोन उड्या बरोबर मारल्या आणि तिसरीला थांबली. तिचा खेळातला माणूस खड्ड्यात पडला, तिचं लक्षच नव्हतं.

"लाथ मारली," ती म्हणाली. "आवाज आला तशी मारली."

आणि आल्यापासून पहिल्यांदाच ती रडली. मोठ्यानं, लहान मुलासारखी.

आईनं तिच्या पोटावर दोन्ही हात ठेवले. खेळ संपून डबा गप्प झाला होता. आईनं थोडा वेळ वाट बघितली, मग माझ्यावर खेकसली, "आरं, ते परत लाव की!"