गाळ्यातली धूळ आणि मेहुण्याची बाटली

चारकोपची ती बाटली आठवली की आजही माझं डोकं फिरतं. मी तेव्हा पोलीस उपनिरीक्षक होते. आता नोकरी सोडली आहे.

खबर आली, की औद्योगिक वसाहतीतल्या भंगाराच्या गाळ्यात किरणोत्साराचं चिन्ह असलेला डबा कापलाय. आम्ही गाळा सील केला, तज्ज्ञ बोलावले. डबा कापणाऱ्या कामगाराला आंघोळ घालून रुग्णालयात हलवलं. अंगावरची धूळ गेली. श्वासातून, तोंडातून आत किती गेली ते मोजायचं होतं. त्यासाठी दिवसभराची सगळी लघवी जमा करायची. आमच्या हवालदारांनी त्याच्या हातात बाटली दिली आणि आरोपीला देतात तशा दमात सूचना दिल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई तणतणत आल्या. "किरणोत्सार मोजणारं यंत्र म्हणतं शरीरात भरपूर आहे, लघवी म्हणते काहीच नाही. ही याची लघवीच नाही! मी औषधाचा डोस ठरवू कसा? जितका उशीर, तितकं ते आत राहणार."

हवालदार माझ्याकडे बघून हसले. "मॅडम, तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या. असलं कसं विचारणार? मी बघतो."

"नको," मी म्हटलं.

मला फार बोलता येत नाही. कामगाराच्या खाटेजवळ स्टुलावर गप्प बसले. चौकशीत शांतता पुष्कळांना सोसत नाही. कामगाराचा मेहुणा आधी फुटला.

"भाऊजी, सांगा ना आता!"

"तू गप रव."

"का गप? पाणी पिऊन पिऊन बाटली मी भरली!"

कामगाराने मान खाली घातली. "माका वाटला, पोलीस बाटली देतत म्हणजे दारूच तपासतले."

गावच्या देवळात नारळ ठेवून त्याने दारू सोडली होती. बायको उशाशीच बसलेली.

"परत घेतलास?" ती ओरडली.

"अहो, इथे दारूचं कोणाला पडलंय!" माझा आवाज वॉर्डभर गेला.

नवी बाटली नर्सने दिली. खरा आकडा आला, औषध ठरलं.

न दिसणाऱ्या किरणांपेक्षा माणूस उशाशी बसलेल्या बायकोला जास्त घाबरतो, आणि खाकी वर्दीने दिलेली बाटली त्याला पुरावाच वाटते. पुढे अशा वेळी मी हवालदारांना दाराबाहेर उभं करत असे.

ते निळं औषध आत गेलेली धूळ शौचावाटे बाहेर काढतं, म्हणून शौचाला निळी होते. तसं झालं नाही तर कळवा, असं घरी सोडताना मी त्याला बजावलं होतं. तो रोज सकाळी, नेमका माझ्या चहाच्या वेळी, फोन करायचा.

"मॅडम, आजपण निळीच."