साहेबाचा कोट आणि सेलिनाचं गाव

कवठेमहांकाळचा माणूस बंगळुरूला जातो तो नोकरीला, नाहीतर भावकीतल्या लग्नाला. मी निघालो पोर्तुगालची बाजू मांडायला! मिरजेला आई म्हणाली, "तिथं नकला करून मार खाऊ नको." मी स्पीकरवरच्या बाईच्या आवाजात सांगितलं, "गाडी पलीकडच्या प्लॅटफॉर्मवर येत आहे." शेजारचं अख्खं कुटुंब पिशव्या उचलून पळालं. त्यांना परत आणेपर्यंत माझीच गाडी सुटत होती.

भानगड अशी. माझा आत्तेभाऊ सुहास इलेक्ट्रॉनिक सिटीत कंपनीत आहे. त्याच्या मराठी मंडळानं अभिरूप न्यायालय (कोर्ट खोटं, भांडण खरं) ठेवलं होतं. आपल्या पूर्वजांनी माणसं गुलाम करून विकली, त्याची भरपाई आपण द्यायची का, यावर पोर्तुगालात लोक हमरीतुमरीवर आलेत. विषय तोच. पण पोर्तुगीज साहेब व्हायला कुणी तयार होईना, म्हणून गावाकडून नकलाकार मागवला.

उतरल्या उतरल्या सुहासनं दर्शिनीत (उभ्यानं खायचं हॉटेल) नेलं. दोसा झकास. मग 'बाय-टू' आली, म्हणजे एकच कॉफी दोन पेल्यांत. मी म्हटलं, "एवढं तर आमच्याकडं डोळ्यात घालायला देतात."

तिथून चिकपेटला, साहेबाचा कोट घ्यायला. गल्ली एवढी भरलेली की चालायला लागत नाही, आपोआप पोचतो. दुकानदार व्यंकोबा अण्णा, मंडळाचे अध्यक्षही तेच आणि संध्याकाळचे न्यायाधीशही तेच.

"बा रे (ये रे)! गाव कुठलं?"

"कवठेमहांकाळ."

"अय्यो, एवढं लांब?"

"नाव लांब आहे. गाव जवळच आहे. तुमचं?"

"चार पिढ्या इथंच. मूळ गाव मंगळवेढ्याकडं. घरात कुणी बघितलेलं नाही, पण आहे! स्वल्प (थोडा) श्वास आत घे."

कोट लालभडक, खांद्यावर झालरी. सुहास कुजबुजला, "अण्णा, हा बँडवाल्याचा आहे." "सरी, सरी (बरं, बरं)," अण्णा म्हणाले, "साहेब लोक असलंच घालायचे."

संध्याकाळी चामराजपेटच्या हॉलमध्ये भरपाई मागणाऱ्यांच्या बाजूनं समोर सेलिना उभी. हल्याळकडची सिद्दी (पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचे वंशज), इथं नर्स आहे. मी नाकातून "गुड ईव्हनिंग मॅडम" काढलं.

"मराठीत बोल की रे! माझी शाळा मराठीच. आणि ऐक, भरपाईचा ठराव पास झाला तर अण्णा तो पोर्तुगालच्या वकिलातीला पाठवणार आहेत. आजीला सांगून आलेय मी. तू मजा कर, पण मी जिंकणार."

सुरू झालं. मी गरजलो, "आम्ही तुम्हाला पाव दिला, बटाटा दिला, मिरची दिली! मिरची परत करा, मग बोलू!" हॉल फुटला.

"माणसं विकलीत त्याचं काय?" सेलिनानं विचारलं.

"पणजोबांनी विकली असतील. मी कुठं?"

"पणजोबांचा बंगला तेवढा घेतलास ना?"

शिट्ट्या! सुहाससुद्धा तिच्या बाजूनं शिट्टी मारत होता, गद्दार.

मग ती हॉलकडं वळली. "आपल्यात भेटल्याबरोबर काय विचारतात?"

सगळे ओरडले, "गाव कुठलं!"

"मी सांगते हल्याळ. मग म्हणतात, तसं नव्हे, मूळ गाव? अण्णांचं मंगळवेढ्याकडं. या बेण्याचं ते लांबलचक. माझ्या आजीचं? आफ्रिका म्हणजे काय गाव झालं? साहेब, माणसं जहाजात घालताना तुम्हाला ठाऊक होतं, कुठनं उचलली. आता तुमच्या खर्चानं शोधा आणि नाव सांगा. माझी भरपाई ही!"

मी तोंड उघडलं. मास्तरांचा आवाज, तहसीलदारांचा, साहेबाचा, सगळे आतल्या आत लावून बघितले. एकातही 'नाही' म्हणता येईना. जोरात श्वास घेतला तर कोटाचं बटण उडालं आणि थेट अण्णांच्या टेबलावर.

"साहेब शरण आले!" अण्णांनी हातोडा आपटला.

मतदानाला पहिला हात झालरीवाला होता. "अरे, तू विरोधी पार्टी!" सुहास ओरडला. ठराव पास झाला. सेलिना टाळी देत म्हणाली, "गाव सापडलं तर तुझ्यापेक्षा लांब नावाचं निघू दे!"

परतीच्या गाडीत समोरच्या काकांनी विचारलं, "गाव कुठलं?" एरवी मी 'लिस्बन' म्हणालो असतो. या वेळी माझ्याच आवाजात म्हटलं, "कवठेमहांकाळ."

"काय आहे तिथं बघण्यासारखं?"

"काही नाही काका. पण सांगता येतं."

वकिलातीचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं तर ते नाव आधी आजी म्हणेल, मग सेलिना. मग मी सेलिनाची नक्कल करीन.