पहिली नस

आरसा दिसला की उजवा गाल सैल सोडून बघायचा. अनोळखी माणसाशी बोलताना आधी त्याच्या दोन्ही पापण्या सारख्या आहेत का ते पाहायचं. खोटं बोलण्याआधी घसा खाकरायचा. आणि रिकामा वेळ मिळाला की अंगठा चार बोटांच्या पेरांवरून फिरवत राहायचा. बरोबर बारा पेरं, बारा नसा. काकांच्या या सवयी.

सगळे त्यांना पेशंटकाका म्हणत, पण आजार त्यांना कसलाच नव्हता. तीस वर्षं कापडदुकानात काढल्यावर ते वैद्यकीय कॉलेजच्या परीक्षेत खोटे पेशंट होऊ लागले. कधी एक खांदा उचलायचा नाही, कधी जीभ बाहेर काढताना एका बाजूला वळवायची. विद्यार्थ्यांनी तपासून सांगायचं, मेंदूतून निघणाऱ्या बारा नसांपैकी कोणती रुसली. अर्धा चेहरा पाडण्यात तर त्यांचा हातखंडा.

"तीस वर्षं गिऱ्हाइकांपुढे पूर्ण हसलात," काकू म्हणायच्या. "आता अर्धंच हसा."

"अगं, पहिली, दुसरी, आठवी या नुसत्या बातम्या आणणाऱ्या. वास आला, दिसलं, ऐकू आलं. तिसरी, चौथी, सहावी, अकरावी, बारावी नुसत्या राबणाऱ्या. डोळा फिरव, मान वळव, जीभ हलव. उरलेल्या चौघी तुझ्यासारख्या. ऐकूनही घेतात आणि कामालाही लावतात."

"मी ऐकून घेते हे तरी कबूल केलंत."

त्या मंगळवारी काकांच्या कागदावर लिहिलं होतं: चेहऱ्याची उजवी बाजू पडलेली, बाकी सर्व नसा ठीक. दर आठ मिनिटांनी घंटा. पहिली नस सहसा कोणी तपासत नाही. "वास येतो ना?" विचारतात, काका "येतो" म्हणतात, गाडी पुढे. सहा जणांनी तेच केलं.

सातवी मुलगी मागच्या खेपेला नापास झालेली. या वेळीही राहिली तर वर्ष गेलं. तिने एप्रनच्या खिशातून छोटी बाटली काढली.

"डोळे मिटा, काका." तिने उजवी नाकपुडी दाबली.

"कॉफी," काका म्हणाले.

मग तिने डावी दाबली. काका वाट बघत राहिले.

"आण की जवळ."

"आणलीय, काका."

"मग काहीच नाही," काका बोलून गेले.

तिने ते लिहून घेतलं. चेहरा बरोबर ओळखला. चार नसा उरल्या असताना घंटा झाली.

परीक्षकांनी काकांचा कागद पाहिला. "वास ठीक आहे इथे. नसलेला दोष शोधलास, आणि त्यात वेळ घालवलास."

"सर, त्यांना खरंच आला नाही."

परीक्षकांनी काकांकडे पाहिलं. कागदाबाहेर बोलणाऱ्या पेशंटचं नाव यादीतून जातं. काकांनी घसा खाकरला.

"येतो," ते म्हणाले.

मुलीने बाटलीचं झाकण लावलं आणि ती गेली.

घरी काका बसेनात. डावी नाकपुडी दाबून त्यांनी साबण हुंगला, मेणबत्ती हुंगली, काकूंची शाल हुंगली. खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा साबण. काकू स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. काकांनी डावी नाकपुडी दाबूनच अर्धा कांदा नाकाला लावला. डोळ्यांना धार लागली.

"आला गं. हे बघ, पाणी."

"मग बसा आता एका जागी."

ते बसले. अंगठा पेरांवर फिरायला लागला. पाचव्या पेरावर थांबला.

"काय झालं?"

"झोंबणं पाचवी नस आणते. वास नाही आला. नुसतं झोंबलं."

काकूंनी सुरी ठेवली. "उद्या डॉक्टरांना दाखवू."

"दाखवलं की मी खरा पेशंट. खऱ्याला कोण उभं करणार परीक्षेत?"

"आणि ती पोरगी?"

काका उठून पुन्हा खिडकीशी गेले.

बुधवार असाच गेला. दोनदा कॉलेजला अर्ज लिहिला, दोनदा फाडला. जेवताना उठले, चपला घातल्या, दारातूनच परत आले. निकाल शनिवारी लागणार होता. गुरुवारी सकाळी काकूंनी तपासणीची वेळ ठरवूनच टाकली. गाडी खाली येऊन थांबली, तेव्हा काका टेबलाशी लिहीत बसले होते.

"चला हो, ड्रायव्हर ओरडतोय."

"उरलेलं आल्यावर लिहितो."

नाकाच्या वर, उजव्या बाजूला, लिंबाएवढी गाठ निघाली. बरीच वर्षं वाढत असावी, डॉक्टर म्हणाले. डाव्या नाकपुडीने उजवीचं काम सांभाळून घेतलं, म्हणून कळलं नाही. मेंदूवर दाब आला होता. त्यांनी घरी सोडलंच नाही. शुक्रवारी ऑपरेशन झालं. काका शुद्धीवर आले नाहीत.

अर्ज टेबलावर आहे. परीक्षा विभागाच्या नावे, साडेतीन ओळी. मंगळवारी सातव्या क्रमांकाच्या विद्यार्थिनीने केलेले निदान बरोबर होते. परीक्षकांनी विचारल्यावर मी खोटे बोललो. तरी तिचे गुण पुन्हा तपासावेत, कारण माझ्या उजव्या

खाली सही नाही. सहीशिवाय परीक्षा विभाग अर्ज घेत नाही.