दर्याकडची खिडकी

पूर्णगडच्या बंदरावरून आमची होडी सुटली तेव्हा दिवेलागण झाली होती. मी नवी नवरी, मुंबईला निघालेली. शेजारी हे, आणि आम्हांला आगबोटीवर चढवून द्यायला आलेले बाबा. आये किनाऱ्यावरूनच मागे फिरली. बाबांची होडी परत वळल्यावर मी आगबोटीच्या कठड्याशी उभी राहून गडाखालचं आमचं घर शोधलं, तर दर्याकडच्या खिडकीत उजेड दिसला. म्हणजे खिडकी उघडली होती. मनात म्हटलं, बाबा आता लगेच कुठे निघाले? इतकी मी खुळी.

वहिनी, तू तेव्हा आमच्या घरात आली नव्हतीस, म्हणून तुला सांगते. माझे बाबा गलबतावर तांडेल. मलबारची कौलं, नारळ, मिळेल तो माल घेऊन महिना महिना फिरायचे. ते दर्यावर असले की आये रात्री ती खिडकी लावायची नाही. थंडीत आम्ही भावंडं गोधडीत कुडकुडायचो, पण तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती. अर्धवट झोपेत खाडीच्या चिखलाचा वास यायचा, कुणाची तरी वल्ही वाजायची, आणि आपलं अंथरूणच पाण्यावर तरंगतंय असं वाटायचं. मग एखाद्या रात्री बाबा यायचे, अंगाला खारा वास. आये म्हणायची, "लाव गो ती खिडकी, आले तुझे बाबा." खिटी पडायची आणि अख्खं घर एकदम झोपायचं. तशी झोप मला मुंबईत कधी लागलीच नाही.

गिरगावात खोली मिळाली, चाळीच्या वरच्या मजल्यावर. हे देवरुखकडचे, डोंगरातले, यांना मोकळा वारा हवा. दिवा मालवला की हे खिडकी उघडायचे, आणि यांचा डोळा लागला की मी उठून ती लावायची. घरातली माणसं घरात असताना उघड्या खिडकीखाली मला झोप कशी येणार? उकाड्याने दोघंही घामाघूम. शेवटी एकदा चिडून म्हणाले, "तुमच्याकडे चोर फार होते काय?" मग मी सगळं सांगितलं. हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "बरं, मी आलोय ना घरी, मग लाव," म्हणाले, आणि पुठ्ठ्याने वारा घेत पडून राहिले.

दोन वर्षांनी मी माहेरपणाला आले. बाबांचे गुडघे धरले होते, दर्या सुटला होता. पहिल्या रात्री मी अंथरुणावर पडले तशी आये उठली, खिडकी लावलीन आणि मुकाट माझ्या शेजारी येऊन आडवी झाली. तिकडून बाबा कुरकुरले, "मी कधीचा घरात, तरी हिची खिडकी आपली उघडीच. मला खोकला लावलान हिने. आज लागली एकदाची." आये काळोखातच म्हणाली, "पोर आली ना आता. नीज गो." आगबोटीवरून दिसलेला तो उजेड माझ्यासाठी होता. गोधडीत तोंड खुपसून मी खूप रडले, आणि मग सकाळी उन्हं वर येईपर्यंत झोपले.

मुंबईला परतल्यावर मी आपण होऊन खिडकी उघडी ठेवायला लागले. हे चकित. यांना काय सांगू, की घरातलं एक माणूस बाहेर आहे आणि ते मीच आहे? रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्याचा उजेड छतावर हलतो, शेवटची ट्राम खडखडत लांब जाते, आणि डोळा लागता लागता खाडीच्या चिखलाचा वास येतो. इथे कुठली खाडी?

आता बाबा नाहीत, आयेही गेली. घर दादाचं आणि तुझं. शिमग्याला येते आहे, आणि खरं सांगते, माहेरी यायची मला पहिल्यांदाच भीती वाटते आहे. तू गोडधोड करशील, धुतलेली चादर घालशील, हाताला धरून बसवशील. पण ते सगळं पाहुण्यांचंही करतात. वहिनी, माझ्यासाठी एवढं कर. पहिल्या रात्री मी अंथरुणावर पडले की तू उठ आणि खिडकी लाव. उकडत असलं तरी लाव. मला लावायला सांगू नकोस.