धक्केमास्तरांचा गुरुवार

धक्केमास्तर घरी बोलत नसत. भांडण वगैरे काही नव्हतं. पण "मीठ दे" आणि "दार लाव" यापलीकडे त्यांची गाडी जायचीच नाही. बत्तीस वर्षं त्यांनी जुन्या धक्क्यावर पाण्याची उंची मोजली. खांबावरचा आकडा पाहायचा, वहीत लिहायचा आणि पुन्हा पाण्याकडे बघत बसायचं. अशा नोकरीत माणसाची जीभ गंजणारच.

निवृत्तीनंतर मात्र हाच माणूस दर गुरुवारी संध्याकाळी लोकांना धक्क्यावरून फुकट फिरवून आणायचा, आणि दीड तास नुसता धबधबा! लोकांकडे तोंड करून उलटा चालायचा. कुठली फरशी वर आलीय, ते त्याच्या टाचांना पाठ होतं. एक नियम मास्तरांनी स्वतःच घालून घेतला होता: कोणी काही विचारलं तर खरं सांगायचं, आणि ठाऊक नसेल तर तसं सांगून मोकळं व्हायचं.

बायकोला हे सगळं शेजारणीकडून कळायचं. ती कधी गेली नव्हती. "माझं ऐकून ऐकून भिंतीसुद्धा कंटाळल्या," म्हणत तिने शेवटी लेकीकडे राहायला जायचं ठरवलं. शुक्रवारी सकाळची गाडी. परत कधी, ते तिने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. बॅगेची चेन तुटली होती, तिला तेवढी मुकाट्याने सुतळी बांधून दिली. आता या माणसाला काय म्हणावं!

त्या गुरुवारी मात्र ती गेली. बारा-तेरा लोकांत सगळ्यात उंच माणूस हेरला आणि त्याच्या पाठीआडून चालू लागली.

ऊन उतरलं होतं. पाणी इतकं संथ, की गोदामांच्या खिडक्या पाण्यातही उघड्या दिसत होत्या. मास्तर सावकाश मागे सरकत बोलत होते आणि रिकामा धक्का हळूहळू भरत चालला होता. शिडाची गलबतं लागत होती, ओल्या दोरखंडांचा वास येत होता, लांबून कोणीतरी कोणाला हाक मारत होतं. बायको भान हरपून ऐकत राहिली. हा आवाज आपल्याच घरात राहतो, हे तिला खरं वाटेना.

दगडी पायऱ्यांशी मास्तर थांबले. दिवे लागत होते.

"इथे एकदा बोटीतून एक मुलगी उतरली," ते म्हणाले. "चपला हातात, कारण खालची पायरी पाण्यात होती. वर एक कारकून खांबावरचा आकडा बघत होता. तिने विचारलं, पाणी अजून चढेल का हो? तो तिच्याकडे बघतच राहिला. त्या संध्याकाळचा आकडा लिहायचाच राहिला. इतक्या वर्षांच्या वह्यांत तेवढी एकच ओळ कोरी आहे. चला, पुढे दीपस्तंभ."

चपला बायकोच्या होत्या. कोऱ्या ओळीचं मात्र तिला आज कळत होतं, तेही परक्या माणसाच्या पाठीआडून! तिला रडू आलं, रागही आला. राग जरा जास्तच.

ती पुढे झाली. "मास्तर, पुढे त्या मुलीचं काय झालं?"

मास्तरांनी आवाज ओळखला. ठाऊक नाही म्हणून सुटले असते. पण ठाऊक होतं ना! लोक वाट बघत होते.

"तिने त्या कारकुनाशी लग्न केलं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "त्याने तिला यातलं कधी काही सांगितलं नाही. उद्या सकाळी ती चाललीय."

पायऱ्यांशी पाणी हलकेच वाजत होतं.

"घरी सांगायला काय झालं होतं?"

"घरी कोणी विचारलं नाही."

सांगत बायको रोज आली होती. विचारलं मात्र कित्येक वर्षांत काही नव्हतं.

"मग आता विचारते," ती म्हणाली. "जाऊ का मी?"

"नको," मास्तर म्हणाले.