प्रिंटरशिवायचा कंट्रोलर

“प्रिंटर काढला की बिल्डच होत नाही,” मी साहेबांना सांगितलं. नेमके समोर तांडेलकाका बसले होते. केळव्याच्या त्यांच्या बर्फाच्या कारखान्यासाठी कंट्रोलर न्यायला ते टेम्पो घेऊनच आले होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बोईसरच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी कारखान्यांसाठी कंट्रोलर बनवायची. मशीनवर लक्ष ठेवायचं आणि काही बिघडलं की अलार्म द्यायचा, हे त्यांचं काम. आत आमचीच लहानशी ऑपरेटिंग सिस्टिम. प्रिंटर, मोडेम, कीपॅड आणि बझर या चार सोयी ऑप्शनल. एका फाइलमध्ये त्यांच्यापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं आणि बिल्ड करायचं, म्हणजे लागणाऱ्या फाइली जोडून मशीनला कळेल असा एक प्रोग्रॅम तयार करायचा. आजवर प्रत्येकाने प्रिंटर घेतला होता. काकांना तो नको होता. खाऱ्या हवेत टिकत नाही म्हणाले.

“मग ‘हो’च ठेव. नुसता जोडू नको,” साहेब म्हणाले.

“सर, मग प्रत्येक अलार्मला कंट्रोलर प्रिंटरची वाट बघत बसेल.”

एरर वाचली. अलार्मचा कोड वेळ विचारत होता आणि वेळ सांगणारं फंक्शन सापडत नव्हतं. सापडणार कसं? ते प्रिंटरच्या फाइलमध्ये होतं, आणि प्रिंटरपुढे ‘नाही’ लिहिलं की ती फाइलच वगळली जायची. वेळ आधी फक्त कागदावर छापायची होती, म्हणून कुणीतरी तिथेच लिहून टाकलं होतं. फाइलच्या वर नाव माझंच होतं.

घाईत मी अलार्ममधून वेळेची ओळ उडवली. बिल्ड झालं. साहेब खूश. टेस्टसाठी कंट्रोलरमधून कंप्रेसरच्या सिग्नलची वायर काढली, तर स्क्रीनवर फक्त ‘कंप्रेसर बंद’.

काका वाकून बघत होते. “किती वाजता बंद पडला?”

“प्रिंटर नाही ना, म्हणून वेळ...”

“पोरी, मी प्रिंटर नको बोललो. घड्याळ नको असं बोललो नाय!”

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते. गुपचूप ओळ परत घातली आणि ते फंक्शन सगळ्यांना सापडेल अशा सामाईक फाइलमध्ये हलवलं. दहा मिनिटांचं काम. आता स्क्रीनवर वेळ आली.

मग चार सोयींच्या ‘हो-नाही’च्या सोळाही जुळण्या बिल्ड करून बघितल्या. आणखी दोन मोडल्या.

“ती मॉडेलं कुणी मागितलेली नाहीत,” साहेब म्हणाले.

“हेही कालपर्यंत कुणी मागितलं नव्हतं, सर.”

दोन्ही दुरुस्त केल्या. चार वाजता टेम्पो निघाला.

आठवड्याने काकांचा फोन आला. कंप्रेसर रोज दुपारी दोनला बंद पडत होता, हे त्यांना स्क्रीनवरच्या वेळांवरून कळलं होतं. दोनलाच त्यांचं बर्फ फोडायचं मशीन सुरू व्हायचं आणि व्होल्टेज पडायचं. त्यांनी त्याची लाइन वेगळी करून घेतली.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. ब्रोशरवर ‘ऑप्शनल’ छापायच्या आधी ती सोय एकदा आपल्या हाताने काढून बघायची.